गेटवरचं ॲप, मावशींची हजेरी आणि तारे: सभेत काय भूमिका घ्यावी?

पौडरोडची_खजिनदार

नमस्कार मंडळी. सोसायटीचा प्रश्न इथे विचारते आहे, कारण सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काहीही विचारलं की ते दहा मिनिटांत गुड मॉर्निंगच्या फुलांखाली गाडलं जातं.

कोथरूडला पौड रोडच्या आतल्या बाजूला आमची जुनी सोसायटी आहे. दोन इमारती, बहात्तर फ्लॅट, गेट एक. मी सहकारी बँकेतून निवृत्त झाले, म्हणून खजिनदारपद माझ्या गळ्यात पडलं, आणि आता ते कुणी काढूनही घेत नाही. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची आहे आणि त्यात गेटवर ॲप बसवण्याचा ठराव येतोय. सध्या गेटवर एक लांबट रजिस्टर आहे, त्याला दोऱ्याने बांधलेलं पेन आहे. त्यात येणारा प्रत्येक जण 'कुणाकडे' या रकान्यात वाटेल ते लिहितो. एका कुरियरवाल्याने तिथे 'माणसाकडे' असं लिहिलेलं मी स्वतः वाचलंय. तेव्हा रजिस्टरच्या प्रेमात मी अजिबात नाही.

ॲपवाल्यांचा मुलगा टॅबलेट घेऊन आला होता. पाहुणा आला की फोनवर विचारणा, पार्सलचा फोटो, मेंटेनन्स थकला की आठवण. थकबाकीदारांच्या मागे जिने चढून माझे गुडघे गेलेत, त्यामुळे हे सगळं मला पसंत पडलं. मग त्याने घरकामाच्या मदतनिसांचं पान उघडलं. प्रत्येक मावशीचा फोटो, मोबाइल नंबर, त्या कुठल्या कुठल्या फ्लॅटमध्ये जातात त्याची यादी, महिन्याचं कॅलेंडर (आल्या तर हिरवा ठिपका, खाडा असेल तर लाल), गेटमधून आत आल्याची आणि बाहेर गेल्याची वेळ. वर पाचपैकी तारे.

नमुना म्हणून त्याने दुसऱ्या एका सोसायटीचं खरंखुरं पान दाखवलं. त्यात आमच्याकडे पोळ्या करणाऱ्या मावशी निघाल्या, त्या तिथेही कामाला जातात. फोटो ओळखपत्रावरचा, डोळे अर्धे मिटलेले. ३.४ तारे. खाली कुणीतरी शेरा मारलेला: 'स्लो. टॉक्स टू मच.'

मावशी बोलतात, हे खरंच आहे. पहिल्या मजल्यावरच्या आजी न्हाणीघरात पडल्या होत्या, ते आम्हाला त्यांच्या बोलण्यामुळेच कळलं. 'आज वहिनींनी दूध आत घेतलं नाही अजून,' असं त्या माझ्या ओट्याशी उभ्या राहून म्हणाल्या, म्हणून आम्ही वर जाऊन पाहिलं. त्या दिवशी त्या आमच्याकडून बऱ्याच उशिरा बाहेर पडल्या. कॅलेंडरवर तो नुसता हिरवा ठिपका असता.

आणखी एक गोष्ट. ॲप आलं की दिवसपाळीला दोनऐवजी एकच वॉचमन पुरेल, असा कमिटीचा हिशेब आहे. तो हिशेब मीच मांडून दिलाय आणि बचत खरी आहे. सभेत बोलणार मात्र सगळे 'सुरक्षे'बद्दल.

माझे प्रश्न: तारे आणि हजेरी बंद ठेवून बाकीचं ॲप वापरता येतं का? कुणी तसं केलंय का? कायदा काय म्हणतो? आणि हे मावशींना विचारायचं की नुसतं कळवायचं?

---

रात्रपाळी_वाकड

काकू, आधी उलट बाजू ऐका. आमच्याकडे सात टॉवर आहेत. संध्याकाळी सात ते दहा या वेळात गेटवर किराणा, जेवण, औषधं, कपडे घेऊन येणाऱ्या बाइकची रांग लागते. हे रजिस्टरवर चालवायचं म्हटलं तर वॉचमन रडेल. माझे आईवडील दुपारी एकटे असतात, दारावर आलेला माणूस कोण हे मला ऑफिसातून दिसतं. ॲप काढून टाका म्हटलं तर मी पहिला विरोध करेन.

पण तारे बंद करता येतात. आम्ही केले. बऱ्याच ॲपमध्ये सोसायटीच्या ॲडमिनला रेटिंग लपवायची सोय असते. कंपनीचा विक्रेता ती आपणहून सांगत नाही, विचारावं लागतं. लेखी विचारा. सोबत हेही विचारा: सोडून गेलेल्या मावशींचा फोटो आणि नंबर किती दिवस राहतो, तो पुसायचा अधिकार कुणाकडे, आणि एका सोसायटीतला शेरा दुसऱ्या सोसायटीला दिसतो का. त्या पोराने दुसऱ्यांचा खरा डेटा तुम्हाला दाखवला, यातच तुम्हाला अर्धं उत्तर मिळालंय. उद्या तो तुमचा डेटा तिसरीकडे दाखवेल.

आता हजेरीबद्दल. मावशी गेटवर कोड टाकतात तेव्हा त्यांच्या सगळ्या फ्लॅटना एकदम मेसेज जातो, 'आपली मदतनीस आत आली आहे.' सहा घरं असतील तर सहा फोन वाजतात. पूर्वी सहाव्या घराला काही कळायचं नाही, मावशी साडेदहाला येतात एवढंच माहीत. आता आठला मेसेज येतो आणि सव्वानऊला फोन सुरू होतात: 'तुम्ही केव्हाच आत आलाय ना, मग कुठे आहात?' आमच्या इमारतीत यावरून इतकी भांडणं झाली की शेवटी मावशींनीच डोकं चालवलं. सकाळी एकीने कोड टाकायचा आणि बाकीच्यांनी दुधाच्या टेम्पोमागून आत सटकायचं. वॉचमनला माहीत होतं. त्याने कधी तक्रार केली नाही.

एक गंमत सांगतो, कडू आहे. मी हिंजवडीला जातो. स्वाइप करून आत, स्वाइप करून बाहेर. नऊ तास भरले नाहीत की मॅनेजरकडे आपोआप मेल. माणमार्गे गेलो काय आणि भूमकर चौकातून गेलो काय, गाडीत गेलेला दीड तास कुणाच्या रिपोर्टात येत नाही. आमच्या टीममधले सगळे या प्रकाराला शिव्या घालतात. आणि त्यातलेच दोघे माझ्याच टॉवरमध्ये राहतात आणि महिनाअखेरीस ॲपवरचं कॅलेंडर उघडून मावशींचे लाल ठिपके मोजून पगार कापतात. मी एकाला तोंडावर म्हटलं. तो म्हणाला, 'डेटा आहे तर वापरणारच ना.' गड्याच्या डोक्यात दुसरं काही येतच नाही.

---

शनिवारपेठी

आमच्या वाड्यात एकच ॲप होतं, तळमजल्यावरच्या खिडकीत बसलेल्या काकू. फेस रेकग्निशन अचूक, स्टोरेज अमर्याद, गोपनीयता शून्य. डेटा पुसायची सोय नव्हती. त्यामुळे 'पूर्वी किती छान होतं' वगैरे कुणी लिहायला लागण्याआधीच हे सांगून ठेवतो. बाकी चालू द्या.

---

सुतारदऱ्याची

मी एका दुकानाचे हिशेब टॅलीवर लिहिते. माझी आई कोथरूडमध्ये पाच घरी कामाला जाते, दोन घरं ॲप असलेल्या सोसायटीत आणि तीन बिनॲपची. त्यामुळे मी जरा खात्रीने लिहू शकते.

सगळ्यात आधी, हजेरी बंद करा असं सरसकट ठरवू नका. मागच्या दिवाळीआधी एका घरी मॅडम म्हणाल्या, तुझे चार खाडे झाले. आई म्हणाली दोन. आईकडे काय पुरावा? ती वॉचमन दादांकडे गेली, त्यांनी टॅबलेटवर महिना काढून दाखवला. दोनच होते. मॅडमनी पैसे दिले, तोंड वाकडं करून दिले, पण दिले. रजिस्टर असतं तर आईची सही कुठल्या पानावर आहे ते शोधायला कोण बसलं असतं? आमच्यासाठी प्रश्न नोंद असण्याचा नाही, नोंद आम्हाला दिसत नाही हा आहे. मॅडमच्या फोनवर आईचं अख्खं वर्ष आहे. आईच्या फोनवर फक्त ओटीपी येतो. तोही नंबर भावाचा दिलाय, आणि भाऊ सकाळी सहाला टेम्पो घेऊन मार्केट यार्डात गेलेला असतो. मग आई गेटवर उभी, ओटीपी मार्केट यार्डात.

तुमच्याकडे आलेला ॲपवाला मुलगा चेहरा ओळखणारं मशीन दाखवून गेला असेल, तर तेही सांगते. सकाळी डोक्याला स्कार्फ, थंडीत कान बांधलेले, मशीन ओळखत नाही. आई स्कार्फ सोडते, केस नीट करते, परत उभी राहते. मागे गाड्यांचे हॉर्न. तेवढी पाच-सात मिनिटं पहिल्या घरी उशीर म्हणून मोजली जातात.

दुसरं, ज्याबद्दल कुणी बोलत नाही. पगार. आधी हातात रोख यायचा आणि आई तो तांदळाच्या डब्यात ठेवायची. कुठल्या घरचे किती, तिला तोंडपाठ. आता सगळ्यांना फोनवरून पैसे पाठवायला सोपं जातं, सुट्ट्यांची कटकट नाही. पण आईच्या खात्याला जोडलेला नंबर भावाचा, क्यूआर त्याच्याच फोनमध्ये. पैसे आले हे आधी त्याला कळतं. माझा भाऊ वाईट नाही. पण आमच्या चाळीत दोन घरी पगार बाईच्या हातात पडण्याआधीच संपलेला असतो. तुम्ही 'ट्रान्सफर केलेत हं मावशी' म्हणता तेव्हा एकदा विचारा, कुणाच्या फोनवर.

आणि ताऱ्यांचं म्हणाल तर बायकांचेही तारे असतात. त्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. लिहिणं कमी, व्हॉइस मेसेज जास्त, कारण बऱ्याच जणींना लिहायला वेळ लागतो. सकाळी बसस्टॉपवर सगळ्यांच्या फोनमधून आवाज येत असतात. 'बी विंगचं चारशे दोन नको धरू गं, चादरी भांड्यांच्याच पगारात धरतात.' 'त्या आजींकडे जा, चहा देतात आणि सुट्टी सांगितली तर ऐकतात.' पोळ्यांचा दर कुणी वाढवून घेतला की दुसऱ्या दिवशी सगळ्यांना माहीत. हा ग्रुप नव्हता तेव्हा आई एकेका घरात एकटी होती. आता तुमचं घर किती ताऱ्यांचं आहे ते केळेवाडीपासून सुतारदऱ्यापर्यंत पोचलेलं असतं.

तेव्हा काकू, 'विचारायचं की कळवायचं' याचं उत्तर: विचारा. नाही विचारलंत तरी त्यांचं मत ठरलेलं असणारच आहे.

---

कलम_आणि_पोटकलम

कायद्याचं विचारलंय म्हणून. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात एकमताने सांगितलं. त्यानंतर डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आला, २०२३ चा. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि मुख्य तरतुदी लागू व्हायला त्यापुढे अठरा महिने ठेवलेत. त्यामुळे तुमचा ॲपचा करार ज्या काळात चालेल, त्याच काळात त्या लागू होणार. करार आजच त्या बेताने करा.

तुम्हाला लागू पडणारे मुद्दे. संमती मोकळी, विशिष्ट, माहितीपूर्ण, विनाअट आणि निःसंदिग्ध हवी. 'फोटो नाही दिलास तर गेटच्या आत नाही' ही विनाअट संमती नव्हे. संमती मागतानाची सूचना इंग्रजीत किंवा आठव्या परिशिष्टातल्या २२ भाषांपैकी कुठल्याही भाषेत वाचायचा पर्याय द्यावा लागतो, म्हणजे मराठीत मागितली तर मराठीत. दिलेली संमती मागे घेणं हे ती देण्याइतकंच सोपं हवं.

कुणीतरी सभेत उठून म्हणेल की नोकरीच्या कारणासाठी संमती लागत नाही. कायद्यात तशी तरतूद आहे, पण ती मालकासाठी. मावशींना कामावर कोण ठेवतं? फ्लॅटवाले. सोसायटी त्यांची मालक नाही, सोसायटी फक्त गेटची मालक आहे. दुसरा एखादा म्हणेल की घरगुती वापराला कायदा लागू नाही. खरं आहे, पण ती सूट व्यक्तीला आहे. नोंदणीकृत सहकारी संस्था ही 'घरगुती व्यक्ती' कशी होते ते मला समजावून सांगा, मी चहा पाजतो.

आधारची झेरॉक्स गोळा करून कमिटीच्या कपाटात ठेवायची सवय असेल तर ती आधी मोडा. ओळखीसाठी दुसरा कुठलाही पुरावा चालतो.

---

डेक्कनची_जुनी

इथे सगळे जणू मावशींचा आवाज आत्ता फोनमुळेच फुटला असं लिहीत आहेत, म्हणून आठवण करून देते. १९८० साली याच पुण्यात घरकाम करणाऱ्या बायकांनी संप केला होता. मी तेव्हा कॉलेजात होते. आमच्याकडच्या बाई आल्या नाहीत आणि आईने मोरीत भांडी घासताना जे काही म्हटलं ते इथे लिहिता येणार नाही. तेव्हा ना फोन ना ग्रुप. निरोप नळावर आणि वस्तीत तोंडी फिरला. त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. पगारवाढ, हक्काची सुट्टी, दिवाळीचा बोनस या मागण्या तेव्हापासूनच्या आहेत. राज्याचा घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा यायला मात्र २००८ उजाडलं.

खजिनदारबाई, त्या ॲपच्या कॅलेंडरमध्ये एक शोधा. हक्काच्या रजेला वेगळा रंग आहे का? माझ्या मुलीच्या सोसायटीतल्या ॲपमध्ये नाही. महिन्याच्या ठरलेल्या सुट्ट्यासुद्धा तिथे लाल. चाळीसेक वर्षं भांडून मिळवलेली रजा एका ठिपक्यात परत खाडा झाली.

---

पौडरोडची_खजिनदार

सगळ्यांचे आभार. @डेक्कनची_जुनी, तुमचं वाचून लगेच त्या मुलाला फोन लावला. रजेला वेगळा रंग नाही. 'मॅडम, फीडबॅक पुढे पाठवतो,' म्हणाला. 'पुढे' म्हणजे कुठे ते त्यालाही ठाऊक नसावं.

@सुतारदऱ्याची, तुझं वाचून आमच्या मावशींना विचारलं, पैसे कुणाच्या फोनवर जातात. जावयाच्या. मी काही बोलले नाही, त्याच म्हणाल्या, 'पुढच्या महिन्यापासून निम्मे हातात द्याल का?' देणार आहे. बँकेत होते तेव्हा बायकांची खाती त्यांच्याच नावावर उघडावीत म्हणून किती डोकं फोडलं. खातं त्यांच्याच नावावर आहे हो, फोन तेवढा जावयाचा आहे.

३.४ ताऱ्यांबद्दल मात्र त्यांना सांगितलं नाही. सांगावं की नाही, अजून ठरत नाहीये.

ठरावाला मी दुरुस्ती सुचवणार आहे. मसुदा साधारण असा: पाहुणे, पार्सल आणि मेंटेनन्स यासाठी ॲप घ्यावं. तारे आणि शेरे बंद, आणि ते बंद आहेत हे कंपनीने लेखी द्यावं. मावशींच्या आत येण्याची नोंद ठेवावी, बाहेर जाण्याची नको. आत आल्याचा मेसेज फ्लॅटना जाऊ नये, ज्याला महिन्याचा हिशेब हवा त्याने महिनाअखेरीस मावशींसमोर बसून पाहावा. मावशींना स्वतःच्या महिन्याचा कागद छापून मिळावा. आमच्या ऑफिसात प्रिंटर आहे, पानाला दोन रुपये जातील, ते मी सादिलवारमध्ये, म्हणजे किरकोळ खर्चात, टाकेन. चेहऱ्याचं मशीन नको, साधं कार्ड चालेल. काम सोडल्यावर महिन्याभरात माहिती पुसावी.

वॉचमनच्या बाबतीत माझी बाजू पडणार हे मला दिसतंय. बचतीचा आकडा सगळ्यांना तोंडपाठ झालाय. दुसऱ्या वॉचमनला निदान वर्षभर ठेवावं आणि मग बघावं, एवढंच मागणार आहे. कमिटीतले दोघे आत्ताच म्हणाले, 'तुम्हीच हिशेब दिलात आणि आता तुम्हीच विरोध करताय.' हिशेब बरोबरच आहे हो. आजी पडल्या तेव्हा त्यांना उचलायला दोन वॉचमन लागले होते, त्याचा रकाना माझ्या तक्त्यात नव्हता.

---

रात्रपाळी_वाकड

काकू, मसुदा भारी आहे. एक भर घाला: ॲडमिनचा पासवर्ड एकाच माणसाकडे नको. आमच्या आधीच्या सेक्रेटरींनी तो स्वतःच्या नंबरवर ठेवला होता. ते बंगळुरूला गेले आणि आमचं गेट काही काळ तिथून चालत होतं.

---

कलम_आणि_पोटकलम

'काम सोडल्यावर महिन्याभरात' याऐवजी 'काम सोडल्यापासून ३० दिवसांच्या आत' लिहा. महिना कुठला, यावर सभेत अर्धा तास जाईल.

---

सुतारदऱ्याची

काकू, सगळं चांगलं आहे, पण सभा कधी ठेवताय? नेहमीसारखी रविवारी सकाळी अकराला ठेवलीत तर मावशींपैकी एकही येणार नाही. रविवारी सगळी घरं उशिरा उठतात आणि त्यांना काम जास्त असतं. त्यांना बोलवायचंच असेल तर दुपारी तीननंतर. आणि खुर्च्या त्यांनाही लावा, मागे जिन्यात उभं करू नका.

---

पौडरोडची_खजिनदार

त्या सभासद नाहीत, म्हणून सभेत मत देता येणार नाही, पण बोलायला अध्यक्षांची परवानगी मी आधीच घेऊन ठेवते. रविवार, दुपारी साडेतीन, पार्किंगमध्ये. सूचना उद्या फलकावर लावते. ग्रुपवरही टाकेन, फुलांच्या वर राहिली तर.